महापौर कोणाला करावे?



आजच्या व्याख्यानाचा मथळा वाचून आपल्यापैकी काहींची अशी समजूत झाली असेल की, वक्ता ह्या शहरातली दोन-चार नावे घेऊन त्यांची चिकित्सा करणार. तसे काही होणार नाही, आणि त्याचे कारण भीती हे नव्हे. महापौर कोणाला करावे, हा प्रश्न आपल्याला कोणी विचारतच नाही. महाराष्ट्रातल्या महानगरपालिकांचे महापौर नगरसेवक निवडतात. मतदाराने बोटाला शाई लावून घेतली की त्याचे काम संपले. तेव्हा ज्या शहरात हा प्रश्न दर चार वर्षांनी प्रत्येक नागरिकाच्या दारात येऊन उभा राहतो, आणि ज्या शहराने त्याची चांगली-वाईट, दोन्ही तऱ्हेची उत्तरे देऊन पाहिली आहेत, त्या शहराकडे मी आज आपल्याला घेऊन जाणार आहे. ते शहर म्हणजे न्यूयॉर्क.

१ जानेवारी १८९८ रोजी पाच विभाग एकत्र करून आजचे न्यूयॉर्क बनले. वस्ती सुमारे ८५ लाखांची. महापौराच्या हाताखाली जवळजवळ ३ लाख नोकर, वर्षाचा अर्थसंकल्प १०० अब्ज डॉलरांच्या वर. पोलिसांचा प्रमुख तो नेमतो, झाडलोटीचा प्रमुख तो नेमतो, आणि २००२ पासून सरकारी शाळांचा कारभारही त्याच्याच हाती आलेला आहे. आपल्याकडे महापौर आणि आयुक्त अशी दोन माणसे असतात. एकाच्या अंगावर झगा आणि दुसऱ्याच्या हातात लेखणी. तिकडे झगा नाही, आणि लेखणी निवडून आलेल्या माणसाच्याच हातात आहे. म्हणून तिथे चुकीचा माणूस निवडला तर त्याची किंमत रस्त्यावर, गटारात आणि शाळेत मोजावी लागते.

मग मतदाराने उमेदवारात पाहावे काय? सोपे उत्तर असे की, माणूस प्रामाणिक असावा. ह्या उत्तराला कोणाचा विरोध असणार? पण मतदार प्रामाणिकपणाला केव्हा किंमत देतो, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. ह्या संबंधात १९२९ आणि १९३३ ह्या दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

१९२९ साली महापौर होता जेम्स वॉकर. टॅमनी हॉल नावाची डेमोक्रॅटिक पक्षाची जी जुनी, मुरलेली मंडळी होती, त्यांचा हा लाडका. उत्तम कपडे, हजरजबाबी बोलणे, रात्री नाटकगृहात आणि सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात. त्याच्याविरुद्ध उभा राहिला फिओरेलो ला गार्डिया; ठेंगणा, आवाजाने कर्कश, इटालियन बापाचा आणि यहुदी आईचा मुलगा. पोटासाठी एलिस बेटावर परदेशातून येणाऱ्या कष्टकऱ्यांचा दुभाषा म्हणून त्याने काम केले होते. ला गार्डिया ओरडून सांगत होता की नगरीचा कारभार नासला आहे. खून झालेल्या एका जुगारसम्राटाकडून एका न्यायाधिशाने कर्ज घेतले होते, तेही त्याने उघडकीस आणले. लोकांनी ऐकून घेतले, आणि वॉकरला त्याच्या दुपटीहून अधिक मते दिली. शेअरबाजार कोसळला त्यानंतर बरोबर एक आठवड्याने हे मतदान झाले. मंदी अजून लोकांच्या चुलीपर्यंत पोचायची होती.

पुढल्या तीन वर्षांत ती पोचली. न्यायमूर्ती सीबरी ह्यांच्या चौकशीला सुरुवात झाली, आणि एकेक अधिकारी साक्षीला येऊन आपल्या संपत्तीचा हिशेब देऊ लागला. फार्ली नावाचा शेरिफ होता. पगाराच्या कितीतरी पट रक्कम त्याच्या खात्यावर जमा झालेली होती. पैसे आले कोठून असे विचारता त्याने सांगितले की, ते घरातल्या एका पत्र्याच्या पेटीत होते. ती पेटी अख्ख्या अमेरिकेत गाजली. राज्यपाल फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी त्याला घरी पाठविले. आणि खुद्द वॉकरने १ सप्टेंबर १९३२ रोजी राजीनामा देऊन युरोपची वाट धरली. १९३३ साली तोच ला गार्डिया, तोच आवाज, तेच आरोप. ह्या वेळी तो निवडून आला आणि पुढे १९४५ अखेरपर्यंत, तीन खेपा, महापौर राहिला.

माणूस बदलला नव्हता. ऐकणाऱ्याचा कान बदलला होता. खिशात पैसे खुळखुळत असतात तोवर भ्रष्टाचार ही करमणूक असते, हे काही न्यूयॉर्कचेच वैशिष्ट्य नव्हे. पण १९३३ च्या निकालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिच्याकडे चरित्रकारांचे लक्ष थोडे कमी जाते. ला गार्डियाला मते पडली सुमारे ४० टक्के. उरलेली बहुतेक मते ओब्रायन आणि मॅकी ह्या दोघा डेमोक्रॅटांत वाटली गेली. म्हणजे न्यूयॉर्कचा सर्वांत नावाजलेला महापौर पहिल्यांदा निवडून आला तो प्रतिस्पर्ध्यांची फाटाफूट झाली म्हणून! ह्या फाटाफुटीकडे आपल्याला पुढे परत यायचे आहे.

प्रामाणिकपणाच्या खालोखाल शहाणा मतदार विचारतो तो अनुभव. इथे मला अब्राहम बीम ह्या गृहस्थांची हकिकत सांगितली पाहिजे, कारण तिच्याइतकी विचारात पाडणारी दुसरी नाही. बीम पेशाने हिशेबनीस. दोन वेळा ते नगरीचे मुख्य हिशेब-तपासनीस होते. १९७३ साली त्यांनी निवडणूक लढविली तीच मुळी ‘पैशाची नाडी ह्या माणसाला कळते’ अशा अर्थाच्या घोषणेवर. मतदारांनी विचार केला असेल की, मोठ्या पेढीला मुनीम चांगला हवा. निवड केली, आणि १९७५ च्या वसंतात बँकांनी न्यूयॉर्कचे कर्जरोखे घेण्याचे बंद केले. नगरीचे दिवाळे वाजायची वेळ आली. रोजचा खर्च भांडवली खात्यातून भागवायचा, पुढच्या वर्षीचे उत्पन्न आजच जमा धरायचे आणि त्या जमेवर कर्ज काढायचे, असा प्रकार कित्येक वर्षे चालला होता. आणि तो चालला त्यांतली बरीचशी वर्षे हेच बीम हिशेब तपासण्याच्या जागेवर होते. राज्य सरकारने शेवटी नगरीच्या तिजोरीवर नियामक मंडळ आणून बसविले. ऑक्टोबरात तर अशी घटिका आली की शिक्षकांच्या संघटनेने आपल्या निवृत्तिवेतनाच्या फंडातून रोखे घेण्याचे कबूल केले तेव्हा कोठे नगरीची अब्रू वाचली.

ह्यावरून अनुभव कुचकामाचा असे मी म्हणत नाही. बीम वाईट माणूस नव्हता. त्यांना आकडे समजत होते. नाही कसे म्हणावे? आकडे समजणे ही एक गोष्ट, आणि ‘हे आकडे खोटे आहेत, आता खर्च बंद’ असे आपल्याच माणसांना तोंडावर सांगणे ही दुसरी. मतदाराने उमेदवाराला ‘तू कोणत्या खुर्चीवर बसला होतास?’ एवढे विचारून भागत नाही. ‘त्या खुर्चीवर बसून तू कोणाला नाही म्हणालास?’ असे विचारले पाहिजे. आपल्याकडे स्थायी समितीवर वर्षानुवर्षे बसलेल्या मंडळींची ‘अनुभवी’ म्हणून ओळख करून दिली जाते, तेव्हा मला बीमसाहेबांची आठवण होते.

आता बर्फाची गोष्ट. ऐन उन्हाळ्यात बर्फाची गोष्ट सांगतो ह्याबद्दल आपण मला दुवा द्याल अशी आशा आहे. जॉन लिंडसे हा १९६५ साली निवडून आलेला महापौर. उंच, देखणा, चांगल्या कुळातला, काळ्या वस्त्यांतून रात्री-बेरात्री पायी हिंडणारा. देशभर त्याचे नाव होते. १९६९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कवर १५ इंच बर्फ पडले. मॅनहॅटनचे रस्ते मोकळे झाले. पण क्वीन्स ह्या मध्यमवर्गी विभागात गल्लीबोळांतून दिवसच्या दिवस फावडे फिरले नाही. बर्फ काढण्याची पुष्कळशी यंत्रे नादुरुस्त पडून होती. सबंध नगरीत चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतली निम्मी क्वीन्समधली. महापौर पाहणीला गेला तर त्याचीच मोटार रुतली, आणि बायाबापड्यांनी त्याला तोंडावर शिव्या घातल्या. राष्ट्रसंघाचे उपमहासचिव, नोबेल पारितोषिकाचे मानकरी राल्फ बंच ह्याच विभागात राहात. त्यांनीही तार करून तक्रार केली. दहा वर्षांनी शिकागोत हेच घडले. १९७९ च्या जानेवारीत बर्फ पडले, महापौर बिलँडिक ह्यांची यंत्रणा कोलमडली, आणि फेब्रुवारीच्या प्राथमिक निवडणुकीत जेन बर्न ह्या बाईंनी त्यांना पाडले.

आपल्याकडे बर्फ नाही, नालेसफाई आहे. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कोणत्या पेठेत पाणी तुंबले आणि कोणत्या पेठेत तुंबले नाही, एवढ्यावरून कारभार करणाऱ्याच्या मनातला नगरीचा नकाशा कळतो. मुद्दा बर्फाचा किंवा पाण्याचा नाही. मुद्दा असा आहे की, उमेदवाराची थोर तत्त्वे आणि त्याच्या गोदामातल्या यंत्रांची स्थिती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मतदाराला दोन्ही विचारण्याचा हक्क आहे. लिंडसेबद्दल एवढे सांगितले पाहिजे की, त्या वर्षी स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाची उमेदवारी गमावल्यावर त्याने दूरचित्रवाणीवर येऊन बर्फाबाबत आपले चुकले असे सांगितले, आणि तिरंगी लढतीत, लिबरल पक्षाच्या नावावर, तो पुन्हा निवडून आला. मतदार माफ करतो. पण त्याच्याकडे माफी मागावी लागते.

ह्यानंतर वचनांचा प्रश्न. उमेदवार जे देऊ करतो ते त्याच्या हातातले आहे काय? बाजारात साधी भाजी घेताना आपण माल पाहतो. निवडणुकीत मात्र मालकी न पाहताच सौदा होतो. न्यूयॉर्कच्या महापौराचे अधिकार मोठे खरे. तरी भुयारी रेल्वे आणि बसगाड्या ज्या मंडळाच्या ताब्यात आहेत ते राज्याचे आहे. प्राप्तीवरचा कर वाढवायचा तर राज्याच्या राजधानीत, आल्बनीला, जावे लागते. उलट सुमारे १० लाख नियंत्रित घरांची भाडेवाढ ठरविणारे जे ९ जणांचे मंडळ आहे, त्याचे सगळे सभासद महापौरच नेमतो. २०२५ साली झोहरान ममदानी ह्या ३३ वर्षांच्या तरुणाने तीन मोठी वचने दिली. नियंत्रित घरांची भाडी गोठवू, बसप्रवास फुकट करू आणि सर्वांच्या मुलांना फुकट बालसंगोपन देऊ. तिन्ही वचने एकाच पत्रकावर, एकाच आकाराच्या अक्षरांत. पण पहिल्याची किल्ली बव्हंशी महापौराच्या खिशात, दुसऱ्याची आणि तिसऱ्याच्या खर्चाची बरीचशी आल्बनीत. पहिले अशक्य नव्हे हे इतिहासानेच दाखविले होते. बिल डी ब्लासिओ ह्या महापौराच्या काळात २०१५ आणि २०१६ साली त्या मंडळाने एक वर्षाच्या करारांची भाडेवाढ शून्यावर आणली होती.

दुसऱ्या जातीच्या वचनांना मग थापा म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. ह्याच डी ब्लासिओने २०१३ साली सांगितले होते की, श्रीमंतांवर जादा कर बसवून मी चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला बालवाडी देईन. तेव्हाचे राज्यपाल अँड्र्यू क्युओमो ह्यांनी करवाढीला साफ नकार दिला. पण राज्याच्या तिजोरीतून पैसा दिला, आणि २०१४ च्या शरदात बालवाड्या सुरू झाल्या. कर गेला, बालवाडी राहिली. तेव्हा हातातले नसलेले वचन उमेदवाराने देऊच नये असा नियम करणे म्हणजे त्याने भांडायला जाऊच नये असे म्हणण्यासारखे आहे. फक्त त्याने सांगावे की, हे मी करीन आणि ते मी मागीन. ‘करीन’ आणि ‘मागीन’ ह्यांत जो फरक करीत नाही, त्या उमेदवाराला मी माझे मत देताना दोनदा विचार करीन.

आता फाटाफुटीकडे. उमेदवार दोन असले तर निवड सोपी. सात असले म्हणजे? १९७७ साली न्यूयॉर्कच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सात उमेदवार होते. पहिल्या एडवर्ड कॉचला २० टक्केही मते नव्हती, आणि पहिल्या व चौथ्या उमेदवारात अंतर होते अवघे तीन-सव्वातीन टक्क्यांचे. कोणालाच ४० टक्के न मिळाल्यामुळे पहिल्या दोघांत फेरनिवडणूक झाली आणि कॉच जिंकला. पण फेरनिवडणूक हा खर्चाचा मामला. २०१३ साली लोकपालासारख्या एका पदासाठी अशी फेरनिवडणूक घ्यावी लागली. तिला खर्च आला सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, आणि त्या कचेरीचा वर्षाचा सबंध खर्च त्याच्या एकपंचमांशाच्या आसपास! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, दुसरे काय?

म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात नागरिकांनी कौल दिला की, प्राथमिक निवडणुकीत मतदाराने पाच उमेदवारांपर्यंत पसंतिक्रम लावावा. ही पद्धत परदेशी म्हणून बिचकू नका. आपले राष्ट्रपती तिनेच निवडले जातात, आणि तिचा सगळ्यांत चुरशीचा प्रयोग एका मराठी माणसाच्या मतांवर झालेला आहे. १९६९ साली राष्ट्रपतिपदासाठी गिरी, संजीव रेड्डी आणि आपले चिंतामणराव देशमुख असे तीन प्रमुख उमेदवार होते. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडणारे तेच चिंतामणराव. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ पडली. विजयाला हवी होती ४,१८,१६९. देशमुख व इतर किरकोळ उमेदवार बाद होऊन त्यांच्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंती मोजल्या, तेव्हा त्यांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला. तरी गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. आवश्यक संख्येपेक्षा दोन हजारही मते जास्त नव्हती. देशाचा राष्ट्रपती ठरला तो दुसऱ्या पसंतीने.

न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली महापौरपदासाठी ही पद्धत प्रथम वापरली गेली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतपत्रिकेवर १३ नावे होती. एरिक अ‍ॅडम्स हे माजी पोलीस कप्तान पहिल्या पसंतीत ३० टक्क्यांच्या थोडे पुढे. कॅथरिन गार्सिया ह्या बाई पहिल्या मोजणीत तिसऱ्या. त्या सहा वर्षे झाडलोट खात्याच्या प्रमुख होत्या; बर्फ काढण्याचे कामही ह्याच खात्याकडे असते, हे आपण विसरू नये. प्रचाराच्या शेवटल्या दिवसांत अँड्र्यू यँग ह्या उमेदवाराने आपल्या माणसांना सांगितले की, दुसरी पसंती गार्सियाबाईंना द्या. बाईंनी मात्र त्याची परतफेड केली नाही. मोजणीच्या आठ फेऱ्या झाल्या. तिसऱ्या क्रमांकावरच्या बाई दुसऱ्या आल्या, आणि शेवटी अवघ्या ७,१९७ मतांनी हरल्या. मधल्या काळात निवडणूक मंडळाने चाचणीसाठी बनविलेल्या १ लाख ३५ हजार खोट्या मतपत्रिका खऱ्यांत मोजून जो गोंधळ घातला तो वेगळाच! म्हणजे आपल्याकडेच असे होते असे मानण्याचे कारण नाही.

पण ह्या निकालातला खरा लक्षात घेण्याजोगा आकडा दुसराच आहे. सुमारे १ लाख ४० हजार मतपत्रिका अशा निघाल्या की, शेवटच्या दोघांपैकी एकाचेही नाव त्यांवर नव्हते. अंतर ७ हजारांचे, आणि निर्णयातून बाहेर पडलेले मतदार त्याच्या जवळजवळ वीसपट. त्यांनी आपल्या आवडीची नावे लिहिली आणि घरी गेले. आपल्याकडे ‘दगडापेक्षा वीट मऊ’ म्हणतात. पाच जागा रिकाम्या असताना वीट कोणती आणि दगड कोणता हे ज्याने लिहिले नाही, त्याच्या डोक्यावर काय पडायचे ते दुसऱ्यांनी ठरविले. अ‍ॅडम्स महापौर झाले. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांच्यावर केंद्र सरकारच्या वकिलांनी लाचलुचपतीचे आरोप ठेवले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये, सरकारनेच तशी मागणी केल्यावर, न्यायालयाने खटला काढून टाकला. म्हणून दोष शाबीत झाला असे कोणी म्हणू नये. पण त्यांची राजकीय पत त्यातून सावरली नाही, हेही खरे.

२०२५ च्या जूनमध्ये उमेदवारांनी धडा घेतलेला दिसला. ममदानी आणि ब्रॅड लँडर हे दोघे प्रतिस्पर्धी, पण दोघांनी एकमेकांच्या माणसांना सांगितले की, मला पहिली द्या आणि ह्याला दुसरी. एक मुसलमान, एक यहुदी, आणि दोघे एका व्यासपीठावर! एकमेकांची दुसरी पसंती मागायची असेल तर कालपर्यंतच्या शिव्या गिळाव्या लागतात. पसंतिक्रमाचा हा फायदा मला मोजणीपेक्षाही मोठा वाटतो. माजी राज्यपाल क्युओमो ह्यांच्याकडे नाव होते आणि पैसा होता; पण ‘दुसरी पसंती म्हणून हे चालतील’ असे म्हणणारे थोडे निघाले. ममदानी पहिल्या पसंतीत ४४ टक्क्यांच्या आसपास होते, ते शेवटच्या मोजणीत ५६ वर गेले.

गंमत अशी की, नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत ही पद्धत नाही. तिथे आपल्यासारखेच, ज्याला जास्त मते तो आला. क्युओमो अपक्ष म्हणून पुन्हा उभे राहिले, आणि रिपब्लिकन उमेदवार स्लिवा ह्यांच्यावर माघार घेण्यासाठी चहूकडून दडपण आले. त्यांनी ते मानले नाही. ४ नोव्हेंबर २०२५ ला ममदानींना निम्म्याहून किंचित अधिक मते मिळाली, त्यामुळे फाटाफुटीचा वाद आपोआप मिटला. २० लाखांहून अधिक लोक मतदानाला आले. १९६९ नंतर इतके कधी आले नव्हते. चारच वर्षांपूर्वी नोंदलेल्या मतदारांपैकी चारांतला एकही पुरता बाहेर पडला नव्हता. मीरा नायर ह्या चित्रपट-दिग्दर्शिकेचा हा मुलगा १ जानेवारी २०२६ रोजी महापौर झाला, म्हणून आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी पाने भरली. तो आपला की परका, ह्यावर जितकी शाई खर्च झाली तिच्या शतांशाने जरी ‘तो निवडला कसा गेला’ ह्यावर झाली असती, तर आजच्या व्याख्यानाची गरज पडली नसती.

आता शेवटी घराकडे. मुंबई-पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळजवळ चार वर्षे नगरसेवकही नाही आणि महापौरही नाही, कारभार प्रशासकाकडे. दिवे लागत होते, कचरा थोडाफार उचलला जात होता, आणि महापौर नाही म्हणून कोणाचे काही अडले असे दिसले नाही. ही महापौरांची निंदा नव्हे. १८८८ च्या मुंबईच्या कायद्याने आणि १९४९ च्या इतर नगरींच्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे ठेवला, आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. १९९८ साली मुंबई व नागपूर येथे महापौराला मंत्रिमंडळासारखी परिषद देण्याचा प्रयोग झाला, तो पुढल्याच वर्षी गुंडाळला गेला. काही मित्र म्हणतात की, नगराध्यक्ष जसा थेट निवडतात तसा महापौरही थेट निवडू द्या. मध्य प्रदेशात तसे होतेही. माझे मत असे की, अधिकार न देता थेट निवडणूक दिली तर लाखो मतांनी आपण एक फीत कापणारा निवडू. आधी लेखणी, मग मतपेटी.

पण तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. आज आपण जे चार-चार नगरसेवक एका प्रभागातून पाठवितो, तेच महापौराचे मतदार आहेत. त्यांना मतदानाआधी विचारता आले पाहिजे की, तुमचा महापौर कोण? हे विचारण्यात एक अडचण आहे. महापौरपद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव, हे सोडत काढून ठरते, आणि यंदा ती सोडत निघाली मतदान होऊन गेल्यावर. आरक्षणाला माझा विरोध नाही. ज्यांना ती खुर्ची इतिहासाने कधी दिली नसती, त्यांच्यापर्यंत ती सोडतीने पोचली आहे. माझी तक्रार आहे ती फक्त तारखेबद्दल. चिठ्ठी मतदानाच्या महिनाभर आधी काढली तर प्रत्येक पक्षाला आपला महापौर आधी सांगणे भाग पडेल, त्याचा हिशेब मागता येईल, आणि ‘करीन’ व ‘मागीन’ ह्यांतला फरक भर सभेत विचारता येईल. ह्याला पैसा लागत नाही, आणि आयुक्ताचा एकही अधिकार कमी होत नाही. पुढली निवडणूक वेळेवर झाली तर २०३१ साली होईल. सोडतीची तारीख अलीकडे आणण्याचा अर्ज नगरविकास खात्याकडे द्यायला आपल्याला पुरेसा अवकाश आहे. तसा एक मसुदा मी बरोबर आणला आहे, आणि तो वाचून पाहण्याची ज्यांची इच्छा असेल त्यांच्यासाठी सभेनंतर कार्यवाहांच्या टेबलावर ठेवीत आहे.